बिनदाराचं घर

बंगालमधल्या श्रीरामपूरच्या आमच्या क्लबने मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवली, की मुलं दोरीच्या आत बसतात आणि त्यांच्या आया दोरीबाहेरून चित्र काढतात. "झुमुर, नदीला निळा घे! अगं, होडी राहिली!" झुमुरची आई, आम्हा सगळ्यांची वहिनी म्हणजे सुतपाबौदी, ओरडत होती. शेजारच्या बुबाई नावाच्या मुलाने ओळीने तीन वर्षं पहिलं बक्षीस नेलं होतं, आणि बौदीला ते जेवताना घासागणिक आठवायचं.

कोलकात्याहून आलेले परीक्षक हिरण्मयबाबू साठ कागदांवर तीच झोपडी आणि तेच दोन ताड बघून कंटाळले होते. झुमुरच्या झोपडीपाशी मात्र ते थबकले. तिला दारच नव्हतं.

"केवढा खोल विचार! आजच्या माणसाचं मन असंच बंद झालंय," ते माइकवर गहिवरून म्हणाले आणि पहिलं बक्षीस झुमुरला दिलं. बौदीने बुबाईच्या आईकडे बघत पदर सारखा केला. बाबूंनी माइक झुमुरपुढे धरला. "आता तूच सांग गं, दार का नाही काढलंस?"



"काका, आमच्या क्लासमध्ये दार पुढच्या रविवारी शिकवणार आहेत."