रक्तदाबाचं कारण

"हिची कटकट, दुसरं काय!" दमास्कसच्या म्हाताऱ्या अबू नझीहनी आपल्या रक्तदाबाचं कारण डॉक्टरांना ठासून सांगितलं. ते ऐकून त्यांची बायको वजीहा इतकी घाबरली, की तिने घरात बोलणंच सोडलं. मीठ, कॉफी, लोणची आधीच बंद होती. तरी दाब उतरेना.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "काका, रोज पिता काय?"

"काही नाही हो. तब्येतीसाठी ज्येष्ठमधाचं सरबत, तांब्याभर."

"अहो, त्यानंच दाब चढतोय तुमचा!"

वजीहाने आधी डॉक्टरांना दुवा दिला. मग दवाखान्याच्या पायरीवरच नवऱ्याकडे वळून तिने तोंड उघडलं.

पुढच्या तपासणीत अबू नझीहचा दाब उतरलेला निघाला. वजीहा शेजारी बसून अजून बोलतच होती.