साखळीतला रिकामा अर्धा तास

"साडेतीनला कोण आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं, तसं एस्तेरबाईंनी तक्त्यावर बोट फिरवलं. चर्चची बारा तासांची प्रार्थना साखळी त्यांनीच आखली होती. प्रत्येकाने अर्धा तास एकट्याने प्रार्थनेला बसायचं, मध्ये खंड पडता कामा नये. आणि साडेतीनच्या ओहोळकाकांना नेमका ताप भरला होता. तक्त्यावर सगळ्या मंडळीची नावं होती, बाईंचं तेवढं नव्हतं. त्यांना वेळ कुठला? तीस वर्षं वेदीवरची फुलं, संडे स्कूल, महिला मंडळ, नाताळचा केक, सगळं त्यांच्याच डोक्यावर. त्यांच्यावाचून चर्चमधलं पानही हलत नसे, असं निदान त्या सांगत.

"मग तुम्हीच बसा की," पाळकसाहेब म्हणाले.

साडेतीनला बाईंनी वेदीसमोर ऐटीत गुडघे टेकले. "हे स्वर्गीय पित्या," त्यांनी खणखणीत सुरुवात केली. समोर माइक नव्हता, मागे आमेन म्हणायला कुणी नव्हतं. पुढचे शब्द काही येईनात. मग त्यांनी देवाला चहाची व्यवस्था सांगितली, सतरंज्या कुणाकडून आणल्या ते सांगितलं, महिला मंडळाची सहलही जाहीर केली. देवाने सगळं निमूट ऐकून घेतलं. सात मिनिटांत सूचना संपल्या. उरलेली तेवीस मिनिटं बाई नुसत्याच क्रुसाकडे बघत राहिल्या.

चारला पाळकसाहेब आत आले. बाईंनी पदर डोळ्यांना लावला होता.

"काय म्हणाला प्रभू?" साहेबांनी कौतुकाने विचारलं.

"विचारत होता," बाई हळूच म्हणाल्या, "बाई, आपण कोण?"