बहात्तर युनिट

मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंनी डबा बाजूला सारला आणि घरचं वीजबिल वहीवर पसरलं. आठवीला युनिटचा हिशेब शिकवायचा होता. म्हटलं, घरचंच उदाहरण द्यावं.

गेल्या महिन्यापेक्षा बहात्तर युनिट कमी. नवऱ्याने घरातल्या चार ट्यूब बदलून कमी वॅटच्या लावल्या होत्या, आणि बिल आल्यापासून तो स्वतःचीच टिमकी वाजवत होता. "थेंबे थेंबे तळे साचे, कळलं?"

बाईंनी गणित मांडलं. एका ट्यूबमागे वीस वॅट वाचले. चार ट्यूब, रोज पाच तास, महिनाभर. बारा युनिट. पुन्हा मांडलं. बाराच.

मग उरलेले साठ गेले कुठे? फ्रिज होता तसाच, पंखेही तेच. चोवीस तास चालणारं आणखी एकच यंत्र घरात होतं, सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन. चारशे वॅट. नाकातली नळी घटकाभरही काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

साठ युनिट म्हणजे रोजचे दोन. दोन म्हणजे पाच तास. अकरा ते चार, सासरे घरी एकटे असतात तेवढेच. बाईंनी घरी फोन लावला.

"बाबा, मशीन चालू आहे ना?"

"आहे की."

एरवी मशीनच्या घरघरीपुढे फोनवर ओरडावं लागे. आज सासऱ्यांची धापसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती.

"बाबा, मी युनिट मोजलेत."

"विज्ञानाची सून आणली, चुकलंच माझं," ते म्हणाले. "अगं, दुपारी मी पडूनच असतो. पडून राहायला हवा कितीशी लागते?"

"आत्ता लावा. माझ्यासमोर."

"समोर कुठे आहेस तू?"

"बाबा, लावा म्हणते ना."

खटका वाजला. घरघर सुरू झाली आणि बाईंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात शाळेची घंटाही झाली.

"आता बंद करायचं नाही. शपथ आहे माझी."

"नाही गं करत. जा तू, मुलं खोळंबतील."

"ठेवते," बाई म्हणाल्या. पण बिल, वही, खडू गोळा करताना फोन कानाला तसाच राहिला.

पुन्हा खटका वाजला. घरघर थांबली.