खिळ्यावरची केबल

ब्रिकामाच्या बाजारात नीमा लोकांचे फोन चार्ज करून देते. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक फोनच्या पाठीवर नेलपॉलिशने नंबर घालते. घरच्या फोनला कसला नंबर, म्हणून मुलाच्या, यांकुबाच्या फोनवर तिने मासा काढला होता.

हल्ली सगळ्या फोनना एकच पिन चालते. तरी यांकुबाची रुंद पिनेची केबल खिळ्याला टांगलेलीच.

"टाकून दे गं. दुसऱ्या कुठल्या फोनला बसते का ती?" शेजारीण म्हणाली.

"बसत नाही, म्हणून तर कुणी पळवत नाही. पोरगा केबल इथंच विसरून युरोपला निघाला. दोन वर्षं झाली. फोन करणार कशानं तो?"

दुपारी दावदा ड्रायव्हर आला. "मावशी, हा जुना फोन अगादेझला मिळाला, युरोपला निघालेली पोरं वाळवंटात शिरतात तिथं. पण ह्याची पिन कुणाकडंच नाही बघ."

नीमाने खिळ्यावरची केबल काढून लावली. बरोब्बर बसली. मग नंबर घालायला तिने फोन पालथा केला.

पाठीवर लाल मासा होता.


"दोन तासांनी ये," ती म्हणाली आणि माशाशेजारी तिने सात नंबर घातला.