पायाचा ब्रेक

"तू हिला ब्रेकचं सांगितलं होतंस ना?" भावोजींनी विचारलं.

दवाखान्याच्या बाकावर ताई मध्ये बसली होती. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ. तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं आणि ते अजून पुरतं वाळलं नव्हतं. हाच तिचा कात्रीचा हात. शिवलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला ती तीस वर्षं सायकल मारत आली होती. आता गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून सायकलच्या दुकानवाल्या या भावानं आपणहून तिच्या सायकलला मोटर बसवून दिली.

मोटर मागच्या चाकात आली, तेव्हा जुनं चाक निघालं आणि त्याबरोबर पायाचा ब्रेकही गेला. पेडल मागे दाबलं की सायकल जागच्या जागी थांबायची, ती सोय संपली. त्याऐवजी त्यानं हॅंडलला हाताचा ब्रेक लावला. हे तिला सांगायचं होतं. पण सकाळी दुकानासमोर चार माणसं जमली, कुणी म्हणालं भाऊ असावा तर असा, आणि तो हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्यानं बटण दाखवलं, वेग दाखवला, एका चार्जिंगमध्ये किती लांब जाते तेही सांगितलं. ताई हसत हसत निघाली. शाळेजवळच्या उतारावर तिनं पाय मागे दाबले. पेडल नुसतंच गरगर फिरलं. समोर पोरं रस्ता ओलांडत होती, म्हणून तिनं सायकल भिंतीवर घातली.

भावोजींच्या प्रश्नावर त्यानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आलाही होता.

"सांगितलं होतं त्यानं," ताई म्हणाली. "दोनदा सांगितलं. माझ्याच पायांना जुनी खोड."

मग भावोजी तिच्यावर घसरले. तुझं लक्ष कधी ठिकाणावर असतं का, तो बिचारा जीव तोडून करतो आणि तू या कानानं ऐकून त्या कानानं सोडतेस, आता दोन महिने मशीन कोण चालवणार, असं बरंच बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. तो भिंतीवरचं घड्याळ बघत राहिला. मध्ये एकदा भावोजी दम घ्यायला थांबले, तेव्हा बोलता आलं असतं.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," भावोजींनी उठता उठता त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते औषधं आणायला गेले.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकावर दोघंच उरली. फरशीकडे बघत तो म्हणाला, "ताई, मी..."

"ते राहू दे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आता तरी सांग. तो ब्रेक कुठल्या हातानं दाबायचा?"

त्यानं प्लास्टरकडे पाहिलं.

"ह्याच," तो म्हणाला.