सातही मंत्री उठले

कपडेपट सांभाळणाऱ्या बाईने राष्ट्राध्यक्षांचा कोट अंगात चढवला आणि बटणं स्वतःच लावली. वीस वर्षं ती दुसऱ्यांची लावत आली होती. मुख्य नटी सकाळी तापाने फणफणली, आणि तिचे संवाद तोंडपाठ असलेलं माणूस अख्ख्या थिएटरात हे एकच.

"या इस्त्रीवालीपुढे मी उठून उभी राहू?" सत्ता बळकावणाऱ्या बाईचं काम करणारी नटी नाक मुरडून म्हणाली.

"पहिल्या दोन अंकांत उठायचं," दिग्दर्शिका म्हणाली. "तिसऱ्यात तिची सत्ता गेलीय. कुणी जागचं हलायचं नाही. आणि आज लोक हसता कामा नयेत."

कारण सत्ता गेलेली राष्ट्राध्यक्ष आत आली की लोक नेमके तिथेच हसायचे. आधीच्या तिन्ही प्रयोगांना हसले. थिएटरच्या मालकाने बजावून ठेवलं होतं, आज हसले तर उद्यापासून नाटक बंद. तो स्वतः पाचव्या रांगेत येऊन बसला होता.

दोन अंक निभावले. तिसऱ्यात मंत्रिमंडळ बसलेलं, मोठ्या खुर्चीत नवी राष्ट्राध्यक्ष, म्हणजे ती नाक मुरडणारी नटी. कपडेपटवाली दारातून आत आली. अंगावर कोट नाही, हातात काही नाही. तिने सगळ्यांवरून नुसती नजर फिरवली.

आणि सातही मंत्री उठून उभे राहिले. खुर्चीतलीसुद्धा उठली. दोन अंकांची सवय म्हणा, नाहीतर आणखी काही. विंगेत दिग्दर्शिकेने कपाळावर हात मारला. झालं, आटोपलं सगळं. ती हसण्याची वाट बघत राहिली.

"बसा," कपडेपटवाली हळू आवाजात म्हणाली. "आता माझ्यासाठी उठायचं नसतं."

हे संहितेत नव्हतं. एकेक मंत्री मान खाली घालून बसला. दिग्दर्शिकेने कपाळावरचा हात खाली घेतला. हिला आपण रोज चहा आणायला पिटाळतो, ती ही बाई?

नवी राष्ट्राध्यक्ष खुर्चीच्या कडेला टेकली. तिचं पुढचं वाक्य होतं, "तुम्हाला कुणी बोलावलं?" यात भीती हवी, उद्या आपलीही हीच गत होणार ही भीती हवी, असं दिग्दर्शिका तीन महिने घसा कोरडा करून सांगत होती. पण नटी दर वेळी ते तोऱ्यातच फेकायची.

आज खुर्चीचा हात घट्ट धरून तिने ते कसंबसं विचारलं, अगदी लहान मुलीसारखं.

थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.