आवाजांची होडी

युद्धनौकेची इंजिनं बंद झाली आणि कॅप्टन मृणाल कर्णिक यांनी ओठांवर बोट ठेवलं. शत्रूचं क्षेपणास्त्र निघालं होतं. रिकाम्या नौकांना ते आता फसत नसे; जिथे माणसांचा वावर ऐकू येई, तिकडेच वळे. म्हणून दूर सोडलेल्या बिनमाणसाच्या होडीतून नौकेवरचेच जुने आवाज वाजत होते.

आचारी तांडेलांना कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये होडीवरून येणारं आपलंच ओरडणं ऐकू आलं. "अरे, आमटी निवतेय, या लवकर!" मग ताटांचा खणखणाट, कुणाचं तरी खदखदून हसणं. तिकडे आपण जेवतोय आणि इकडे मरणाची वाट बघतोय, असं तांडेलांना वाटलं. त्यांनी श्वास रोखून धरला.

क्षितिजावर लखकन उजेड झाला. हेडफोनमधलं हसणं तुटलं. होडी गेली होती.

"बोला आता," कॅप्टन म्हणाल्या. "वाचलो आपण."

सगळे एकदमच बोलू लागले. कोण रडतंय, कोण हसतंय, कळेना. रेडिओवाल्या शेखने माईक तांडेलांपुढे धरला.

"मामा, पुढच्या होडीसाठी काहीतरी बोला."

तांडेलांनी तोंड उघडलं, पण हसण्याखेरीज काही बाहेर पडेना.

"चालेल," शेख म्हणाला. "हेच हवंय."